सहावं फडकं

श्रीवर्धनला बदली झाली तेव्हा मी खोली शोधत दिवसभर फिरलो. एका घरी मला गाव विचारलं, दुसऱ्या घरी लग्न का झालं नाही ते विचारलं. सिस्टरांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी दारातच माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव. घाबरलायस की धावत आलास?"

"एसटीत उभा राहून आलो."

"मग ठीक आहे. मागची खोली घे."

सिस्टर म्हणजे गावातल्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र अख्ख्या वाडीला पुरेल असा. घराभोवती सुपारीची बाग, अंगणात वाळत घातलेली सुपारी आणि अंगणाच्या कडेला पत्र्याच्या मांडवात उभी असलेली पांढरी डिझेल जीप. मुलगा नव्या मुंबईत नोकरीला. नोकरी संपून तेरा वर्षं झाली होती, पण बाईंची ड्यूटी काही संपली नव्हती.

त्यांच्या घरात प्रत्येक गोष्टीचा केसपेपर असे. जाड पुठ्ठ्याला लावलेले कागद, ओटीवर ओळीनं ठोकलेल्या खिळ्यांना अडकवलेले. विहिरीच्या पंपाचा एक, न धरणाऱ्या फणसाचा एक, मांजरीचा एक. मी राहायला आल्यावर आठवड्याभरात आणखी एक खिळा ठोकला गेला आणि त्यावर 'भाडेकरू' आला. एकदा सिस्टर बाहेर गेल्या होत्या तेव्हा मी तो चोरून वाचला. 'भूक चांगली. झोप जास्त. आईचे फोन जास्त. लक्ष कमी.' मला रागच आला. मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. फूटभर बांधावरून भाऊ भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातात तिथे उभं राहून मापं घ्यायची हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि ही बाई मला लक्ष कमी म्हणते!

सगळ्यात जाड केसपेपर जीपचा होता. ही जीप मूळची दवाखान्याची. सिस्टर हिच्यातूनच डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर लसी घेऊन जायच्या, अडलेल्या बायकांना घेऊन खाली यायच्या. गाडी जुनी झाली, सरकारनं लिलावात काढली. भंगारवाले जमले होते. सिस्टर साडीचा पदर खोचून त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि गाडी घेऊनच घरी आल्या. चालवायला त्या त्यानंतर शिकल्या. "इतकी वर्षं हिनं मला फिरवलं. भंगारात कशी जाऊ देऊ?" असं त्या म्हणायच्या.

जीपला त्या 'पेशंट' म्हणत. पेशंटला घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी वरच्या वाड्यांवर जायच्या आणि म्हाताऱ्या बायकांना गाडीत भरून रक्तदाब तपासायला दवाखान्यात आणायच्या. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

गावात एक मेस्त्री होता, पंचविशीचा, हाताचा चलाख, स्वभावानं घाईचा. सिस्टरांपुढे त्याचं काही चालत नसे, कारण त्याचा जन्म याच जीपमध्ये, मागच्या बाकावर, सिस्टरांच्या हातात झाला होता. तो गाडीचा बॉनेट उघडून "सिस्टर, हिचा हेड गेला हाय," असं काही म्हणाला की त्या म्हणायच्या, "मी तुला उलटा धरून रडवलाय. मला निदान सांगू नकोस, लक्षण सांग."

मी तिथे होतो त्या वर्षी जीपला गळती लागली. अंगणात तिच्या नाकाखाली रोज सकाळी ओलं डबकं. रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं, काटा वर चढायचा आणि पेशंट रस्त्यात वाफा सोडत उभी राहायची. महिन्यात तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा गाडीत चार म्हाताऱ्या होत्या आणि ऊन मी म्हणत होतं. ही बातमी नव्या मुंबईला पोचली. मुलाचा फोन आला. तो आईवर जीव टाकणारा, पण काळजीनं आवाज चढवणारा.

"आई, अजून एकदा रस्त्यात बंद पडली ना, तर गाडी विकायची. आणि तुझं चालवणंही बंद."

"पडली तर मीच तुझ्या हातात चावी देईन," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गाडी गेली की माझ्या खिळ्याला माझाच केसपेपर लागेल बघ. मग मुलगा तपासणार, सून लिहिणार." त्या हसल्या, पण मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत राहिल्या.

मेस्त्रीनं आधी हळद टाकली होती. आपल्याकडे रेडिएटर गळला की पावशेर हळद ओततात, ती भोकात जाऊन बसते असा समज. सिस्टरांना हे कळलं ते डबकं पिवळं झाल्यावर.

"हळद जखमेला लावतात रे. तू हिच्या पोटात फोडणी घातलीस?"

"सगले टाकतात, सिस्टर."

"आणि वॉल कुठाय?"

इंजिनाच्या वरच्या अंगाला, रेडिएटरचा जाड पाइप जिथे येऊन मिळतो, तिथे बिडाचं एक टोपण असतं. त्याला हाऊसिंग म्हणतात. त्याच्या आत थर्मोस्टॅटचा वॉल बसतो. इंजिन गार असेतो तो पाणी अडवतो, तापलं की वाट सोडतो. मेस्त्रीनं तो काढूनच टाकला होता. "आपल्याकडं गरमी एवढी, वॉलची काय गरज न्हाय," असं त्याचं म्हणणं.

"तुझ्या घशातला पडदा काढते मग. आपल्याकडे गरमी एवढी, काय गरज?" असं म्हणून सिस्टरांनी पेशंट स्वतःच्या हातात घेतली.

निदान त्यांनी लहान बाळांच्या पावडरीनं केलं. इंजिन पुसून कोरडं केलं, त्यावर पावडरीचा डबा रिकामा केला आणि गाडी चालू ठेवली. दहा मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर एक ओला ओघळ उमटला, थेट त्या टोपणाच्या कडेखालून निघालेला. मेस्त्रीनं टोपणाखालची, सांधा बंद करणारी जुनी पॅकिंग तशीच ठेवून वर बोटभर गम फासला होता. "बघ, कुठून गळतंय ते पेशंटच सांगते. आपण फक्त ऐकायचं," सिस्टर म्हणाल्या. सगळ्या अंगणाला तान्ह्या बाळाचा वास येत होता.

नवा वॉल महाडहून मागवला. तो बसवण्याआधी त्यांनी चहाच्या पातेल्यात दोऱ्यानं टांगून उकळला आणि थर्मामीटर लावून तो नेमका किती तापल्यावर उघडतो ते लिहून घेतलं. उघडला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग पातेलं विसळून त्यातच आम्हा दोघांचा चहा टाकला. मी अजूनही कोणाकडे चहा प्यायलो की आधी पातेल्याकडे बघतो.

ऑपरेशन शनिवारी सकाळी ठरलं, कारण रविवारी परीक्षा होती. मुलगा आणि सून मुरुडला एका लग्नाला आले होते. तिथून आगरदांड्याला येऊन फेरीबोटीनं दिघीला उतरणार होते, आणि सिस्टरांनी जाहीर करून टाकलं होतं की दिघीला न्यायला जीपच येणार.

शनिवारी मी मदतनीस होतो. स्टीलचा ट्रे, त्यात ओळीनं पाने, मूत्रपिंडाच्या आकाराचं एक भांडं, आणि पांढऱ्या सुती कापडाचे पाच चौकोन. ते त्यांच्या जुन्या नोकरीतल्या साडीचे होते. जुनी पॅकिंग खरवडताना तिचे तुकडे इंजिनात पडू नयेत म्हणून भोकात फडकं कोंबायचं असतं. सिस्टरांनी खाली एक कोंबलं, त्यावर आणखी एक. बाकीची पुसायला. नवी पॅकिंग त्यांनी जाड कागदावर पेन्सिलीनं आखून ऑपरेशनच्या कात्रीनं कापली होती, बोल्टची भोकं कागदाच्या पंचानं पाडली होती.

त्यांचा एक नियम होता. "जो हात चालवतो त्यानं मोजायचं नाही. झाकण लावायच्या आधी दुसऱ्यानं मोजायचं, मोठ्यानं. हातांना काम असतं तेव्हा डोकं खोटं बोलतं." वापरलेली फडकी भांड्यात पडत होती. वॉल ठेवण्याआधी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "फडकी?"

त्या वेळी माझ्या कानाला फोन होता. आई एका मुलीविषयी सांगत होती, पनवेलची, बी.एस्सी. झालेली, गाते. मी भांड्याकडे बघितलं, ओला पांढरा ढीग दिसला आणि म्हटलं, "पाच."

सिस्टरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. वॉल बसवला, पॅकिंग ठेवली, टोपण लावलं, बोल्ट एकदा हा थोडा, एकदा तो थोडा असे सारखे आवळले. केसपेपरवर वेळ लिहिली. भांड्यातली फडकी नेहमीप्रमाणे पाणी तापवायच्या बंबात जाळून टाकली. अंगणात थेंब पडला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी चक्क गाणं म्हटलं.

रविवारी दिघीला जाताना पेशंट झकास चालली. फेरीबोटीतून मुलगा उतरला, त्यानं वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "खरंच की गं!" सिस्टर नुसत्या मान हलवून बसल्या, जसं काही हे रोजचंच आहे. परतीला आम्ही चौघं आणि लग्नातल्या सामानाच्या तीन पिशव्या. दिघीची चढण लागली आणि काटा हलला. मध्यावरून वर, मग आणखी वर. सिस्टरांनी गाडी कडेला घेतली त्याच्या आधीच बॉनेटमधून वाफ यायला लागली होती.

मेस्त्री मोटारसायकलवर आला. इंजिन गार झाल्यावर त्यानं टोपण खोललं, वॉल उचलला, आत वाकून बघितलं आणि पक्कडीनं काहीतरी ओढून काढलं. पांढरं कापड. पाणी कसंबसं त्याच्या कडेनं जात होतं, चढणीवर ते पुरलं नाही. मेस्त्रीनं ते हातात धरलं आणि कोणाकडे बघावं ते त्याला कळेना. एरवी त्यानं टोमणा सोडला नसता. त्या दिवशी तो म्हणाला, "होतंय कधी, सिस्टर."

"आई," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"पाच होती. पाच बाहेर आली," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे हे सहावं. सहावं मी कधी घेतलं?"

मला त्या क्षणी सगळं समजलं. सहावं फडकं नव्हतंच. मी मोजलं नव्हतं. पाच होती म्हणून पाच म्हटलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं, आणि मी पिशव्या उचलल्या. माझी आजही त्या गोष्टीची लाज गेलेली नाही. घरी पोचल्यावर सिस्टरांनी पर्समधून चावी काढली आणि मुलाच्या हातात ठेवली. तो घेत नव्हता. त्यांनी त्याची मूठ मिटवली.

पुढचे तीन दिवस घर ओळखू येईना. मंगळवार आला आणि गेला, वरच्या वाडीतून दोन फोन आले, सिस्टरांनी "बरं नाही" म्हणून सांगितलं. माझं मनगट कोणी धरलं नाही. त्या सुपारी सोलत बसायच्या आणि मधेच विचारायच्या, "काल मी दूध दोनदा तापवलं का रे?" नव्हतं तापवलं. मी मान हलवायचो आणि खोलीत पळायचो. बुधवारी दुपारी कचेरीतून आलो तर ओटीवर नवा खिळा दिसला. त्यावर नवा कागद. 'नाव: स्वतः. वय: ७१. तक्रार: सहावं फडकं घेतल्याचं आठवत नाही.' खाली त्यांनी जुन्या फिरतीतल्या सगळ्या वाड्यांची नावं लिहिली होती, स्वतःचीच परीक्षा घेतल्यासारखी, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली होती.

मी मागे अंगणात गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. "सिस्टर, सहावं नव्हतं. मी मोजलीच नाहीत. मी फोनवर होतो."

त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"दया येऊन बोलतोयस."

"नाही."

"मुलानं सांगितलंय असं बोलायला?"

"नाही हो."

"मग पुरावा दे. मी तोंडी घेत नाही."

पुरावा कुठला देणार? फडकी तर जळून गेली होती. मग मला सुचलं. मी ओटीवरून जीपचा केसपेपर काढून आणला. शनिवारच्या नोंदीत त्यांच्याच अक्षरात होतं, '११.१० फडकी मोजली. पाच. मोजणार: भाडेकरू.' मी माझा फोन काढला, शनिवार शोधला आणि त्यांच्यापुढे धरला. आई, अकरा वाजून दोन मिनिटं, सोळा मिनिटांचं बोलणं.

त्यांनी चष्मा वर केला, फोन बघितला. चष्मा खाली केला, कागद बघितला. बोटांवर दोन आणि सोळा मिळवले. मग त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी सुपारीत जाऊन बसलो.

"गाढवा! तीन दिवस मी स्वतःला कामातून गेलेली समजतेय!" असं ओरडत त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. तो 'स्वतः'चा केसपेपर त्यांनी टराटरा फाडला. मुलाला फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. "अरे, मी विसरले नव्हते! मोजणी खात्यानं घोळ घातला!" पलीकडून मुलगा म्हणाला, "त्यांना फोन दे." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत. मलाही तीन दिवस झोप नव्हती."

चावी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एसटी कंडक्टरकडून आली. शुक्रवारी पेशंट वाडीवर गेली. मला शिक्षा म्हणून अंगणातली वाळलेली सुपारी मोठ्यानं मोजायला लावली. दर शंभराच्या आसपास सिस्टर मुद्दाम येऊन विचारायच्या, "मग, पनवेलच्या मुलीचं काय झालं?" आणि माझा आकडा चुकला की पुन्हा एकपासून.

पुढच्या वर्षी माझी उरणला बदली झाली. पनवेलची मुलगी तोवर माझी बायको झाली होती. सिस्टरांचा फोन महिन्यातून एकदा यायचा, नेहमी सकाळी, आणि नेहमी पहिला प्रश्न माझ्या झोपेचा. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा भलत्याच वेळी, दुपारी आला.

"तुला एक सांगायचंय. हाऊसिंगची पॅकिंग आज बदलली. मेस्त्री मदतीला होता. फडकी पाच घेतली होती."

"मग?"

"मेस्त्रीनं मोजली. सहा."

मी तेच धरलं जे धरण्यासारखं होतं. "मेस्त्री फोनवर असेल."

"त्याचा फोन मी आधीच काढून घेतला होता. तुझा अनुभव आहे ना. मग मी मोजली. तीनदा. सहाच आहेत. सहावं मी कधी घेतलं, ते मला आठवत नाही रे."

मागे पोफळींचा वारा ऐकू येत होता.

"मुलाला सांगितलंत?"

"तुला आधी सांगितलं. तू एकदा मला खरं सांगितलं होतंस. चावी खिळ्याला लावलीय. रविवारी ये, पेशंटला दिघीपर्यंत नेऊन आणू. चालवायची तू. शुक्रवारपासून मेस्त्री चालवणार वाडीवर, त्याला मी शिकवतेय. फार घाई करतो."

रविवारी मी गाडी चालवली. सिस्टर डाव्या बाजूला केसपेपर मांडीवर घेऊन बसल्या आणि चढणीवर दर दोन मिनिटांनी काटा वाचून दाखवत होत्या. "मध्यावर. मध्यावर. नॉर्मल." दिघीला धक्क्यावर गाडी थांबवली. फेरीबोट आगरदांड्याकडून निघालेली दिसत होती. मी फोन बंद करून खिशात ठेवला.

सिस्टरांनी आपला हात पुढे केला, मनगट वर करून.

"मोज."

मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांच्याच घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोठ्यानं मोजलं. बोटीनं भोंगा दिला, कोणीतरी गाडी मागे घ्या म्हणून ओरडलं, मी मोजत राहिलो.

"अठ्ठ्याहत्तर."

त्यांचे ओठ हलत होते. त्याही मोजत होत्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.